काचेला भोक पाडताना

सुरुवातीलाच एक कबुली. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. मराठीत शेवटचा निबंध लिहिला तो दहावीच्या परीक्षेत, आणि त्यातही बाईंनी ‘ऱ्हस्व-दीर्घ बघ’ असं लाल पेनाने लिहिलं होतं. संपादक मंडळ म्हणालं, जसं बोलतोस तसं लिही. म्हणून ‘छिद्र’, ‘वेध’ असले शब्द शोधत बसलो नाही. भोक म्हणजे भोक.

विषय आहे मत्स्यालयाच्या काचेला भोक पाडून ओव्हरफ्लोचं पाइपिंग बसवण्याचा. हॉस्टेलच्या कॉमन रूममधली चार फुटी टाकी तुम्ही सगळ्यांनी पाहिली आहे. त्या टाकीमुळे मेसच्या स्टोअरमध्ये जे झालं तेही सगळ्यांना माहीत आहे. ते नेमकं का झालं हे मात्र बऱ्याच जणांना अजून माहीत नाही. ते सांगितल्याशिवाय हा लेख लिहिण्यात अर्थ नाही, पण आधी थोडी थिअरी आणि थोडं प्रॅक्टिकल.

भोक हवंच कशाला?

२०१५ मध्ये मरीन ड्राइव्हचं तारापोरवाला मत्स्यालय नूतनीकरण होऊन पुन्हा उघडलं, तेव्हा आमच्या शाळेची सहल तिथे गेली होती. मूळ मत्स्यालय १९५१ चं. बाकी मुलं मासे बघत होती, मी टाक्यांच्या कडा बघत होतो. एवढं पाणी रोज साफ कसं होतं? फिल्टर कुठेच दिसत नव्हता. तो प्रश्न डोक्यात राहिला.

उत्तर सोपं आहे. फिल्टर टाकीत ठेवायचाच नाही. टाकीतलं पाणी वरून सांडू द्यायचं, पाइपने खालच्या दुसऱ्या टाकीत आणायचं, तिथे गाळायचं आणि पंपाने परत वर चढवायचं. या खालच्या टाकीला ‘संप’ म्हणतात. (बंदवाला संप नव्हे. तुमच्या-आमच्या बिल्डिंगखाली पाण्याचा असतो, तो संप.) याचे तीन फायदे. पहिला, पाण्यावर येणारा तेलकट पापुद्रा आपोआप निघून जातो, कारण सांडतं ते वरचंच पाणी. दुसरा, बाष्पीभवनाने कमी होणारी पातळी फक्त संपमध्ये दिसते, वरची टाकी कायम काठोकाठ. तिसरा, हीटर, फिल्टर, वायरी सगळं खाली कपाटात लपतं.

आपल्या भागाला ही कल्पना नवीन नाही. पावसाळ्यात ‘तानसा ओसंडला’, ‘विहार भरून वाहू लागला’, ‘बारवी ओव्हरफ्लो’ अशा बातम्या येतात. विहार तलाव १८६० चा, तानसा धरण १८९२ चं. जास्तीचं पाणी ठरवलेल्या जागेवरून, ठरवलेल्या पातळीवरच बाहेर जावं म्हणून धरणाला जे बांधतात, त्याला मराठीत ‘सांडवा’ असा फर्स्ट क्लास शब्द आहे. आपण मत्स्यालयाला सांडवाच बांधतो आहोत, फक्त साइज लहान.

आधी कागदावर

आमची टाकी १२० × ४५ × ४५ सेंमी, म्हणजे काठोकाठ भरली तर २४३ लिटर. काच साधी फ्लोट, ८ मिमी. एक आकडा लिहून ठेवा, तो पुढे लागणार आहे: १२० × ४५ × १ म्हणजे ५४०० घनसेंमी. टाकीतली पाण्याची पातळी १ सेंमीने उतरली की ५.४ लिटर पाणी कमी होतं.

पंपाच्या डब्यावर लिहिलं होतं ‘ताशी १८०० लिटर, कमाल उंची २ मीटर’. हा आकडा पाणी अजिबात वर न चढवता मिळतो. आपल्याला १.२ मीटर चढवायचं होतं. सरळ रेषेचा अंदाज धरला तर १८०० × (१ − १.२/२) = ताशी ७२० लिटर, म्हणजे सेकंदाला ०.२ लिटर. टाकीचं पाणी तासाला तीन वेळा फिरतं. पुरेसं आहे.

आता हे पाणी सांडेल कुठून? नुसता १ इंची पाइप टाकीत उभा केला, तर त्याच्या तोंडाचा घेर साधारण ८ सेंमी. सांडव्याचं सूत्र आपण सेकंड इयरला पाठ केलंय: प्रवाह = १.८४ × लांबी × (उंचीचा दीड घात). सगळं मीटरमध्ये. आकडे घातले की तोंडावर सुमारे १२ मिमी पाणी उभं राहतं. पाणी गरगर फिरत, हवा ओढत आत जातं आणि रात्रभर गटारासारखा आवाज येतो. त्याऐवजी मागच्या काचेला आतून ३० सेंमी लांबीची छोटी काचेची पेटी चिकटवली आणि तिच्या काठावरून पाणी सांडवलं, तर उंची होते फक्त ५ मिमी. पातळ चादर, आवाज नाही. भोक या पेटीच्या आत येतं.

भोकाचा साइज: १ इंची टँक निपलच्या आट्यांचा बाहेरचा व्यास ३३ मिमीच्या थोडा वर असतो, म्हणून भोक ३५ मिमी. टँक निपल म्हणजे गच्चीवरच्या काळ्या टाकीला लावतात तेच, दोन रबरी वायसर आणि एक चेक नटवालं. त्याच्या २६ मिमी आतल्या व्यासातून ताशी ७२० लिटर जायला भोकावर फक्त २ सेंमी पाणी पुरतं. पाणी ५ सेंमीपर्यंत चढलं तर ताशी ११०० लिटरही जाईल. म्हणजे पाइप थोडासा चोंदला तरी गाडी चालते.

आणि पूर्ण चोंदला तर? एखादी गोगलगाय अडकली तर? म्हणून भोकं दोन. दुसरं ४ सेंमी वर. ते नेहमी कोरडं राहतं, पहिलं बंद पडलं तरच कामाला येतं. वसईच्या गाडीला पर्यायी रूट असतो तसं.

भोक कुठे घ्यायचं?

पाण्याचा दाब खोलीनुसार वाढतो. ४५ सेंमी खोलीवर दर चौरस सेंमीला ४५ ग्रॅम, ७ सेंमी खोलीवर फक्त ७ ग्रॅम. लांब काचेवर एकूण ढकल सुमारे १२० किलोची! म्हणजे दोन धडधाकट माणसं आतून काचेला टेकून उभी आहेत असं समजा. ही ढकल काचेला बाहेरच्या बाजूला वाकवते, आणि वरची कड मोकळी असली की सगळ्यात जास्त ताण त्या कडेच्या मध्यावर येतो. म्हणून भोक वरच्या भागात, पण मध्यावर नाही, कोपऱ्याच्या बाजूला.

तळाच्या काचेला भोक घेतात लोक, ते दिसायलाही छान दिसतं. पण तळाचं वायसर एक दिवस सुटलं तर अख्खी टाकी खाली येते. वरच्या भोकाचं वायसर सुटलं तर पेटीतलं पाणी जातं आणि पंप चालू असेपर्यंत संपमधलं. मासे आपल्या जागी राहतात.

नियम लक्षात ठेवा: भोकाच्या कडेपासून काचेच्या कडेपर्यंत किमान एक भोकाएवढं अंतर. दोन भोकांच्या मध्येही तेवढंच.

काच का फुटते?

आता खरी मजा. स्टीलला भोक पाडताना धातू थोडा वाहतो, ताण वाटून घेतो. काच वाहत नाही. तिच्यावर एक बारीक चीर असली की सगळा ताण त्या चिरेच्या टोकावर जमा होतो. जर्मन इंजिनिअर किर्शने १८९८ मध्ये गणिताने दाखवलं की एका दिशेने ओढलेल्या पत्र्याला गोल भोक असेल, तर भोकाच्या कडेवर ताण तिप्पट होतो. १९१३ मध्ये इंग्लिसने लंबगोल भोकाचं गणित मांडलं. त्याचं सूत्र चिरेला लावलं तर ताण वाढतो १ + २√(चिरेची खोली ÷ टोकाची त्रिज्या) इतक्या पटीने. भोकाच्या कडेला अर्धा मिलिमीटर खोल टवका उडालाय आणि त्याच्या टोकाची त्रिज्या ५ मायक्रॉन आहे असं धरा. उत्तर येतं २१ पट! आणि ते भोकाच्या तिपटीच्या वर. मग १९२१ मध्ये ग्रिफिथचा प्रसिद्ध पेपर आला. त्याने प्रयोगासाठी काचच घेतली होती, आणि चीर केव्हा पळत सुटते हे ऊर्जेच्या हिशोबाने सांगितलं.

या सगळ्या थिअरीचा हिशोब एका वाक्यात: भोक पडलं म्हणजे काम संपलं नाही, भोकाची कड गुळगुळीत झाली की काम संपलं.

टीपॉयची गोष्ट

आमच्या मेकॅनिकलवाल्यांना वाटतं की ड्रिल मशीन हातात आलं की जग जिंकलं. मी घरी डोंबिवलीला प्रॅक्टिससाठी जुन्या टीपॉयची काच घेतली. आई म्हणाली, “ती राहू दे, चांगली आहे.” मी म्हटलं, “आई, फक्त एक भोक.” गॅलरीत थर्माकोलवर काच ठेवली, पाणी घातलं, बिट टेकवला. जेमतेम दीड मिलिमीटर आत गेला असेल, आणि फटाका फुटल्यासारखा आवाज. टीपॉय गायब! सगळीकडे खडीसाखरेसारखे तुकडे. डोळ्यावर गॉगल होता म्हणून आज हा लेख लिहितोय. खालच्या काकू “काय झालं रे?” म्हणत वर आल्या. आई काहीच बोलली नाही, नुसता झाडू आणून दिला.

ती काच टफन्ड होती. टफन्ड काच तापवून हवेच्या झोतांनी एकदम थंड करतात. बाहेरचे थर दाबाखाली राहतात, आतला गाभा ताणाखाली. दाबाचा थर जाडीच्या साधारण पाचव्या हिश्शाएवढा असतो, म्हणजे ८ मिमी काचेत दीड मिमीच्या जवळपास. ड्रिलने तो थर पार केला की आतला ताण मोकळा सुटतो आणि अख्खी काच एका क्षणात फुटते. टफन्ड काचेला भोक पाडायचं तर टफन करण्याआधीच. नंतर कोणीही, कितीही हळू केलं तरी नाही.

ओळखायची कशी? एक, कोपऱ्यात बारीक शिक्का असतो का बघा. पण शिक्का नसला म्हणजे टफन्ड नाही असं नाही. आमच्या टीपॉयला नव्हता. दोन, लॅपटॉपच्या स्क्रीनवर पांढरं पान उघडा, पोलराइज्ड गॉगल डोळ्यासमोर धरून स्क्रीन काळी दिसेपर्यंत फिरवा, आणि मग काच मध्ये धरा. साध्या काचेत फरक पडत नाही. टफन्ड काचेत पट्टे किंवा डाग उजळतात. फिजिक्स प्रॅक्टिकलचा मला झालेला हा पहिला उपयोग!

काचवाल्या काकांकडे

टीपॉयनंतर अक्कल आली. मत्स्यालय नवीनच बनवायचं होतं, म्हणून एमआयडीसीच्या बाजूला एक काचेचं दुकान आहे तिथे गेलो. मालक काकांचं वय साठीच्या पुढे, बोटांवर जुन्या कापल्याच्या पांढऱ्या रेषा. मी त्यांना किर्श आणि ग्रिफिथ सांगितले. ते शांतपणे ऐकून म्हणाले, “ते ठीक आहे. पण तू मशीनवर जोर देतोस का?”

मी म्हटलं, “थोडासा.”

“तिथेच चुकतोस. काच कापायची नसते, झिजवायची असते. मशीनचं वजन आहे ना, तेवढं पुरे.”

ते बरोबर होतं. डायमंडचा बिट म्हणजे दात असलेला बिट नाही. नळीच्या तोंडावर निकेलच्या थरात हिऱ्याची पूड बसवलेली असते. काचेचा कठीणपणा मोह्सच्या मापावर साडेपाच-सहा, हिऱ्याचा दहा. प्रत्येक कण काचेचा सूक्ष्म कण उडवतो. जोर दिला की कण उडण्याऐवजी चीर पळते.

बिट मी नागदेवी स्ट्रीटवरून आणला. (फास्ट लोकल मशीदला थांबत नाही हे भायखळा गेल्यावर आठवलं, मग सीएसएमटीला उतरून चालत मागे आलो.) पुढची पद्धत काकांनी स्वतः उभं राहून करून घेतली, ती क्रमाने देतो.

१. टाकी जोडायच्या आधीच मागची काच आडवी ठेवून भोक पाडायचं. तयार टाकी असेल तर ती पूर्ण रिकामी करून, पाठीवर झोपवून. खाली सपाट टेबल आणि अख्ख्या काचेखाली थर्माकोल. जिथे भोक येणार तिथे पलीकडच्या बाजूने चिकटपट्टीचे दोन-तीन थर.

२. प्लायच्या तुकड्याला त्याच बिटने भोक पाडून तो तुकडा काचेवर चिकटवायचा. बिट सुरुवातीला घसरतो, हा तुकडा त्याला जागेवर धरतो. प्लाय नसेल तर बिट तिरका धरून आधी चंद्रकोरीएवढी खाच पाडायची, मग हळूहळू सरळ करायचा.

३. भोवती मुलांच्या खेळण्यातल्या क्लेचं आळं करायचं आणि त्यात पाणी. गणपतीची उरलेली शाडू माती सुद्धा दहा-पंधरा मिनिटं टिकते. एकाने ड्रिल धरायचं, दुसऱ्याने बाटलीने पाणी सोडत राहायचं. पाणी दुधासारखं झालं की बरोबर चाललंय. कोरडी पांढरी पूड दिसली की लगेच थांबा. बिट तापतो, काच एका जागी तापते आणि तडकते. शिवाय ती पूड श्वासात जाणं वाईट.

४. हॅमर मोड बंद! हे तीन वेळा बघा. वेग ३५ मिमीच्या बिटाला मिनिटाला ६०० ते ७०० फेरे. ७०० फेऱ्यांना बिटाच्या कडेचा वेग सेकंदाला सुमारे १.३ मीटर येतो. बिट मोठा असेल तर फेरे कमी.

५. पाणी आणि वीज एकत्र आहेत हे विसरू नका. बॅटरीचं ड्रिल सगळ्यात बरं. वायरवालं असेल तर ३० मिलिअँपिअरचं आरसीसीबी असलेल्या पॉइंटवरच, आणि जोड जमिनीवर नको. गॉगल आणि बूट घालायचेच.

६. दर अर्ध्या मिनिटाने बिट उचलायचा म्हणजे पाणी आत जातं. शेवटचा एक मिलिमीटर सगळ्यात धोक्याचा. तिथे मशीनचं वजनसुद्धा थोडं हातावर तोलून धरायचं, नाहीतर खालच्या बाजूने मोठा टवका उडतो.

७. चकती खाली पडली की घाई नको. वॉटर पेपर ओला करून कड दोन्ही बाजूंनी घासायची, आधी १२० नंबर, मग २२०. बोट फिरवून काही टोचलं नाही की झालं. (काका बोट फिरवतात. तुम्ही कापूस फिरवा, अडकला तर अजून घासा.)

एका भोकाला मला बारा मिनिटं लागली. दुसरं पडलं तेव्हा काकांनी चकती उचलली, उजेडात धरून तिची कड पाहिली आणि खिशात टाकली. त्यांच्या गल्ल्यात अशा बऱ्याच चकत्या आहेत. पास झाल्याचं सर्टिफिकेट मला तेव्हाच मिळालं.

काच टेम्पोतून कल्याण-शीळ रोडच्या खड्ड्यांवरून हॉस्टेलला आणताना जेवढी भीती वाटली, तेवढी भोक पाडताना वाटली नव्हती. ती उभी ठेवून आणली, आडवी नाही. टाकी जोडायला व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन वापरलं, बुरशीरोधक औषध नसलेलं, आणि आठवडाभर वाळू दिलं. टँक निपलचं रबर टाकीच्या आतल्या बाजूला, नट बाहेर. नट हाताने पूर्ण आवळून वर पान्याने फक्त पाव फेरा. जास्त आवळणं म्हणजे पुन्हा काचेवर जोर.

वजनाचा प्रश्नही विचारला होता बरं का! पाणी, काच, संप, स्टँड मिळून साडेतीनशे किलोच्या आसपास, आणि कॉमन रूम पहिल्या मजल्यावर. सिव्हिलच्या सरांनी येऊन बीम कुठून जातो ते दाखवलं आणि भिंतीला लागून जागा ठरवून दिली. आम्ही खूश. सगळं शास्त्रशुद्ध.

तो शुक्रवार

टाकी चालू होऊन नऊ दिवस झाले होते. शुक्रवारी देखभालीसाठी सकाळपासून वीज बंद. सगळे लेक्चरला, मी तर बरं नाही म्हणून घरी. दुपारी रूममधल्या मित्राचा फोन आला. “अरे, तुझी टाकी खाली उतरलीय.”

“खाली म्हणजे?”

“खाली म्हणजे मेसमध्ये.”

झालं ते असं. पंपाचं पाणी वर नेणारा पाइप दिसू नये म्हणून मी त्याचं तोंड पाण्याच्या १५ सेंमी खाली लपवलं होतं. पंप चालू असताना काहीच फरक पडत नाही. पण वीज गेली की पाइपमधलं पाणी खाली ओढलं जातं आणि सायफन सुरू होतो. तोंड उघडं पडून हवा आत जाईपर्यंत तो थांबत नाही. आता तो लिहून ठेवलेला आकडा आठवा. १५ × ५.४ = ८१ लिटर. संप ६० × ३५ × ३५ सेंमीचा, एकूण ७३ लिटरचा. त्यात आधीच ४२ लिटर होतं. रिकामी जागा ३१. म्हणजे पन्नास लिटर पाणी कॉमन रूममध्ये आणि तिथून फरशीच्या फटीतून खाली. बरोबर खाली मेसचं स्टोअर, आणि त्या कोपऱ्यात पिठाची पोती.

मी धावतपळत पोचलो तेव्हा मावशी ओलं पीठ घमेल्याने बाजूला काढत होत्या. मी सॉरी म्हटलं. रेक्टर सर जे बोलले ते मी इथे लिहीत नाही, ते सगळं बरोबरच होतं. मावशी मात्र एवढंच म्हणाल्या, “अरे, मला एकदा विचारायचं तरी. वर पाणी ठेवतोय म्हणाला असतास, तर पोती त्या भिंतीला लावली असती की.”

बीम कुठे आहे हे आम्ही विचारलं होतं. बीमच्या खाली काय आहे हे विचारलं नव्हतं.

पिठाचे पैसे आम्ही सात जणांनी भरले. टाकी पंधरा दिवस बंद राहिली. मासे वाचले, कारण सांडव्याची पेटी आणि वरची भोकं यांनी आपलं काम चोख केलं होतं. ज्या भोकांची महिनाभर काळजी केली, तिथून एक थेंब गळला नाही.

दुरुस्ती

आता पाइपचं तोंड पाण्याच्या फक्त २ सेंमी खाली आहे. वीज गेली तर २ × ५.४ म्हणजे ११ लिटर, पेटीतलं ३ लिटर आणि पाइपमधलं अर्धा लिटर. एकूण १४-१५. संपमध्ये जागा ३१. शिवाय पाण्याच्या पातळीला लागून पाइपला ३ मिमीचं भोक आहे, त्यातून हवा जाऊन सायफन आधीच तुटतो. पण त्या भोकात शेवाळ साचतं, म्हणून दर रविवारी ते टाचणीने साफ करायचं आणि भरवसा त्याच्यावर ठेवायचा नाही. नॉन-रिटर्न व्हॉल्व्हवरही नाही, त्यात कचरा अडकतो.

उलट बाजूचा धोकाही काढला. समजा खाली जाणारे दोन्ही पाइप चोंदले आणि पंप चालूच राहिला, तर? वरच्या टाकीत काठापर्यंत ३ सेंमी जागा आहे, म्हणजे १६ लिटर. म्हणून संपमध्ये काचेचं पार्टिशन घालून पंपाच्या कप्प्यात १२ लिटरच पाणी ठेवलंय. ते संपलं की पंपाला ओढायला पाणीच नाही. पंप जळेल, पण खाली पाणी जाणार नाही.

टाकी परत चालू करताना आधी परीक्षा घेतली. पाणी भरून, मासे न सोडता, पंपाचा प्लग काढला. एकदा नाही, दहा वेळा. मग मुद्दाम एक पाइप बोळा घालून बंद केला. मग दोन्ही. प्रत्येक वेळी संपची आणि टाकीची पातळी मार्करने लिहिली. हे मी पहिल्या दिवशी केलं असतं, तर वीस मिनिटांचं काम होतं.

तुम्ही कोणी करणार असाल तर भोकाची भीती बाळगू नका. काच साधी आहे ना ते बघा, पाणी सोडा, जोर देऊ नका, कड घासा. एवढं केलं की ते जमतंच. डिझाइन करताना मात्र पंप चालू असतानाचं चित्र काढलंत की त्याच्या शेजारी बंद असतानाचंही काढा. आणि ते चित्र आपल्या फरशीपाशी थांबवू नका, खालच्या मजल्यापर्यंत न्या.

वीज जायच्या दिवशी मी अजूनही मेसमध्ये डोकावतो. पोती आता दुसऱ्या भिंतीला आहेत, लाकडी फळ्यांवर. मावशी विचारतात, “काय रे, आज खाली उतरणार का तुझी टाकी?”

मी म्हणतो, “नाही मावशी. आज चौदाच लिटर.”